पाणी येणार नाही, पण का ते विचारू नका

नाशकात सकाळी ऑफिसला जाताना गाडीत खाजगी एफएम लावून बघा. शनिवारी पाणी बंद, हे कळतं. द्वारका चौकात ट्रॅफिक तुंबलंय, हेही कळतं. श्रोत्यांचे फोन तर चालूच असतात; कुणाला गाणं हवं असतं, कुणाला बायकोला सॉरी म्हणायचं असतं. पण "अहो, पाणी का बंद आणि जबाबदार कोण?" असा फोन ऐकलाय कधी?

ऐकू येणं अवघडच आहे. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी द्यायला मनाई आहे. नियमात चक्क यादी आहे: ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, पाणी-विजेच्या सूचना वगैरे. या गोष्टी 'बातमी' धरायच्या नाहीत, म्हणून चालतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत व्हाइटलिस्ट. यादीत नाही ते अडवा.

हा कोड इतका जुना आहे की बघून हसू येतं. मूळ १८८५ चा तार कायदा, म्हणजे रेडिओच्या जन्माआधीचा! तार यंत्रणेवर हक्क फक्त सरकारचा, असा तो कायदा. पुढे बिनतारीही त्यातच बसवली. इंग्रजांची भीती तशी खरी होती. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईतून चोरून काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत जेमतेम अडीच महिने, मग नोव्हेंबरात पोलिसांनी पकडलं.

इंग्रज गेले, पण मालकी हक्क तसाच राहिला. आपले बाळकृष्ण केसकर १९५२ ते ६२ माहिती-प्रसारण मंत्री होते, त्यांना फिल्मी गाणीसुद्धा खपत नव्हती (आणि लोक निवांत रेडिओ सिलोन ऐकत होते, ते वेगळं). पुढे आकाशवाणीची आचारसंहिता झाली. तिच्यात कुठल्याही पक्षाचं नाव घेऊन हल्ला करायला बंदी होती. २६ जून १९७५ च्या सकाळी देशाला आणीबाणी कळली ती रेडिओवरून, खुद्द इंदिरा गांधींच्या आवाजात. त्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली होती. तेव्हा सकाळचा राजकीय कार्यक्रम म्हणाल तर तो होता, फक्त फोन घ्यायची सोय नव्हती.

कुलूप सैल झालं ते चक्क क्रिकेटमुळे. १९९३ चा हिरो कप आठवतोय? तोच, सचिनच्या शेवटच्या ओव्हरवाला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन आणि मंत्रालय आडवे आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. न्यायपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि नियंत्रणासाठी सरकारपासून स्वतंत्र अशी संस्था नेमा, असं न्यायालयाने सांगितलं.

आणि मग? टीव्हीला उपग्रहाची वाट मिळाली आणि रात्री नऊची भांडणं सुरू झाली. रेडिओवर २००१ मध्ये बंगळूरला पहिलं खाजगी एफएम आलं, २००५ च्या धोरणाने नाशिकसारख्या शहरांपर्यंत पोचलं, पण फक्त गाण्यांसकट. २०११ च्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या द्यायला परवानगी मिळाली, तीही एक शब्द न बदलता. गंगापूर रोडच्या रेडिओ विश्वाससारख्या समुदाय रेडिओंनाही राजकारण वर्ज्यच. सरकारचं म्हणणं असं की इतक्या केंद्रांवर लक्ष ठेवणं अवघड, सुरक्षेचा प्रश्न येतो. हे मला पटत नाही. टीव्हीवर, फोनवर याहून भयंकर काय काय फिरतं ते आपण रोज बघतो.

राजकारण तरीही फटीतून येतंच म्हणा. २०१७ मध्ये मुंबईत आरजे मलिष्काने खड्ड्यांवर गाणं केलं, तर शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या दाव्याची मागणी केली. गाणं होतं म्हणून निदान निघालं तरी.

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावात लिलाव थांबले. मे २०२४ पर्यंत बंदी चालली. द्राक्षावरच्या भुरीला काय फवारायचं, हे शेतकरी रेडिओवर विचारू शकतो. कांद्याचा भाव कुणी पाडला, हे निफाडहून फोन करून सकाळच्या एफएमवर विचारायची सोय नव्हती. जूनमध्ये दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. कांदा हे एकच कारण नसेल, पण प्रचारभर त्याचीच चर्चा होती. गावात, पारावर, एसटीत. एफएमवर तेवढी नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने शिफारस केली होती की खाजगी एफएमला बातम्या देऊ द्या, तासाला दहा मिनिटं. त्यातली जाहिरात वजा केली, तर फोन किती घेता येतील ते तुम्हीच मोजा.