शाक्यांचा कुलाभिमान आणि उपालीचे आसन

भगवान गौतम बुद्धांचे चरित्र आमच्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस अपरिचित नाही. लुंबिनीचा जन्म, एकोणतिसाव्या वर्षीचा गृहत्याग, बोधगयेचा पिंपळ, सारनाथचे पहिले प्रवचन आणि ऐंशीव्या वर्षी कुशिनगरास झालेले महापरिनिर्वाण हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. भगवंतांचे आपल्या ज्ञातीशी नाते कसे होते, एवढ्याच प्रश्नाचा आम्ही येथे विचार करणार आहोत. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तो अस्थानी ठरू नये.

शाक्य हे गणसंघ करून राहणारे कुळ. सभागृहात जमून ते आपला कारभार पाहत, आणि कुलाचा अभिमान त्यांच्या रोमरोमांत भिनलेला होता. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व शेजारचे कोलिय हातघाईवर आले, अशी कथा पाली अट्ठकथांत आहे. भगवंतांनी मध्ये पडून विचारले की, पाणी मोलाचे की माणसांचे रक्त? स्वकुलाचा कैवार त्यांनी घेतला नाही. स्वकुलाचे हित मात्र साधले.

दुसरा प्रसंग विनयपिटकातील आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी सहा शाक्यकुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले. सातवा होता त्यांचा नापित उपाली. संघात जो आधी प्रवेश करील त्यास मागाहून आलेल्याने वंदन करावे, असा नियम होता. कुमारांनीच विनंती केली की, उपालीस प्रथम दीक्षा द्यावी, म्हणजे त्याच्यापुढे मस्तक नमवून आमचा शाक्याभिमान गळेल. भगवंतांनी तसेच केले. पुढे महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न विचारले गेले ते उपालीस. मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने श्रेष्ठ वा हीन ठरतो, ही शिकवण येथे आचरणात उतरलेली दिसते. दुःखाचे मूळ तृष्णेत आहे असे सांगणाऱ्या धर्मात कुलाभिमानास वेगळे स्थान कोठून असणार?

ही शिकवण मगधापुरती राहिली नाही. आपल्या डोलवीजवळून खाडीस मिळणाऱ्या अंबा नदीच्या वरच्या खोऱ्यात, सुधागड तालुक्यात, ठाणाळ्याची प्राचीन लेणी आहेत. दक्षिणेस राजपुरी खाडीवरील कुडे येथे सव्वीस लेणी असून तेथील दानलेखांत महाभोजांच्या पदरी असलेला लेखक, वैद्य, लोखंडाचा व्यापारी, माळी, ब्राह्मणाची पत्नी आणि भिक्षुणी यांचे उल्लेख आहेत. निरनिराळ्या व्यवसायांचे हे लोक एकाच डोंगरात, एकाच संघासाठी दान देऊन गेले.

आणि याच जिल्ह्यात, महाड येथे, 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव 1924 सालीच केला होता. कागदावरचा ठराव लोकांच्या मनांत उतरला नव्हता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. रोहिणीच्या काठी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या भूमीने इतक्या उशिरा ऐकले, याची खंत आम्हांस वाटली पाहिजे.

मग ज्ञातिसंस्था मोडून टाकाव्यात काय? आम्हांस तसे वाटत नाही. गरीब विद्यार्थ्यास पुस्तके देणे, विधवा भगिनीस आधार देणे ही कार्ये पुण्याचीच आहेत. परंतु आमच्या वस्तीगृहाचे दार परक्या मुलास बंद असेल, आमच्या पंक्तीत शेजारच्या आळीतील माणसास पान नसेल, तर ते संघटन नव्हे, केवळ कुंपण होय. खाडीकाठच्या शेतकऱ्यास हे अधिक सांगावयास नको. उधाणाने बांध फुटला म्हणजे खारे पाणी कोणाच्या शेतात शिरावे हे जात पाहून ठरवीत नाही; आणि तो बांध पुन्हा घालावयासही सर्वांचेच हात लागतात.

या स्मरणिकेत आम्ही आपल्या ज्ञातीतील यशस्वी व्यक्तींचा गौरव वाचतो. तो अवश्य वाचावा. पण पान मिटण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एवढे विचारावे की, आमच्यात उपालीस पुढचे आसन देणारे शाक्यकुमार किती आहेत?