शाळा सुटल्यानंतरचा वेळ कोणाचा?

आपल्या शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा शाळांच्या सनावळीत लिहितो. १८४८ ची भिडेवाड्यातील शाळा, १९१७ चा शाहू महाराजांचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी. या नोंदी हव्यातच. पण त्यांतून एक प्रश्न निसटतो. शाळा सुटल्यावर आमच्या मुलाच्या वाट्याला काय येत होते? ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्या नांदत होती, त्यांची शाळा घरीही चालू राहिली. आमच्या घरी शेणगोठा, सरपण आणि मालकाचे काम वाट पाहत होते. वर्गातली विषमता दिसते. वर्गाबाहेरच्या चार तासांतली विषमता दिसत नाही, म्हणून ती अधिक टिकून राहते.

जोतीरावांनी हे ओळखले होते. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. कष्टकऱ्याचा दिवस विकलेला असतो, तेव्हा विद्या रात्री त्याच्याकडे गेली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गरीब शेतकरी मुलाला शाळेत का धाडीत नाही, याचे कारणही त्याच निवेदनात आहे: गुरे राखायला आणि शेत सांभाळायला घराला त्याचे हात लागतात. अज्ञानाचे मूळ त्यांनी बुद्धीत शोधले नाही, वेळेच्या आणि श्रमाच्या लुटीत शोधले. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. तोही वेळेचाच लढा होता.

बाबासाहेबांचे विद्यार्थीपणही या दृष्टीने पाहावे. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार मुलाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाची नजर त्याच्यावर गेली. केळुसकर त्याच्या वर्गाचे मास्तर नव्हते, तरी त्यांनी त्याला पुस्तके दिली, मार्गदर्शन केले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे सयाजीरावांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९५६ च्या धम्मदीक्षेकडे जाणाऱ्या वाटेवर बागेतल्या त्या बाकाचाही एक दगड आहे.

आमच्या जिल्ह्यातला दाखला वामनदादा कर्डकांचा. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस तरुणपणापर्यंत निरक्षर होता. मुंबईत एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, ही लाज त्यांना झोंबली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते साक्षर झाले. ज्याच्या गीतांनी खेडोपाडी आंबेडकरी विचार पोचवला, त्याला अक्षर कोणत्या सरकारी शाळेने दिले नाही. एका माणसाने आपला वेळ दिला.

तरी हे केवळ व्यक्तींच्या औदार्यावर सोडून चालणार नव्हते. म्हणून १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या आरंभी तिने सोलापूरला वसतिगृह काढले. वसतिगृह म्हणजे काय? शाळेनंतरचा वेळ मुलाच्या मालकीचा करून देणारी जागा. १९३८ मध्ये मालेगावपासून जवळच, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. मुलाचा वेळ हिरावणारेही तेच दोघे आहेत.

मालेगावात हे उघड्या डोळ्यांनी दिसते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावाचा हातमाग वाढवला. पुढे यंत्रमाग आले. आज माग बारा-बारा तासांच्या पाळीने रात्रंदिवस खडखडतात आणि सुटी शुक्रवारी. मजुरी मोजून मिळते, म्हणून कांड्या भरण्यासारख्या कामाला बायका-मुलांचेही हात लागतात. बौद्ध वस्तीतले, भिल्लांचे आणि मोमीनांचे मूल वेगवेगळ्या शाळांत जाते, पण संध्याकाळी तिघांवरही सारखाच अंधार पडतो.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्ग दिला. २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी केली, पण यादीतली धोक्याची कामे वगळता कुटुंबाच्या उद्योगात शाळेनंतर आणि सुटीत मदत करण्याची मुभा ठेवली. कोणते काम यादीत आहे, हे तपासायला संध्याकाळी वस्तीत कोण येतो? ज्याच्या बापाचा उद्योगच दुसऱ्याच्या मागाचे काम आहे, त्याची ‘मदत’ अखेर कोणाच्या खिशात जाते? जोतीरावांनी १८८२ मध्ये सांगितलेली अडचण येथे सवलत होऊन बसली.

म्हणून समाजमंदिरात वा बुद्धविहारात संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या तरुणाने स्वतःला दाता समजू नये. दयेने शिकवणारा मुलाला कृतज्ञ करतो; हक्काच्या जाणिवेने शिकवणारा त्याला प्रश्न विचारायला शिकवतो. आपला वर्ग सरकारी शाळेची उणीव झाकणारे ठिगळ होता कामा नये. गणित शिकवावे, तसेच शाळेत शिक्षक किती आणि रिकाम्या जागा किती, हेही पालकांसह विचारावे. वर्ग आपल्याच वस्तीपुरता ठेवू नये. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात शाळेचा भार वाहणाऱ्या फातिमाची काळजी आहे, एवढे मालेगावकरांनी तरी विसरू नये.

आम्ही पहिल्या पिढीचे पदवीधर. कोणाच्या तरी दिलेल्या वेळेवर आम्ही उभे आहोत. ते देणे पैशाने फिटत नाही. नोकरीवरून परतल्यावरचे दोन तास वस्तीला देणे आणि ते दोन तास मुलालाही मिळावेत म्हणून त्याच्या बापाच्या मजुरीसाठी भांडणे, ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील. पहिले केले आणि दुसरे टाळले, तर वर्गात सतरंजी अंथरलेली असेल, पण मूल कांडीवरच बसलेले असेल.