परमहंससभेची यादी

इ. स. १८४९ च्या सुमारास मुंबईंत कांहीं सुशिक्षित तरुण घरीं न सांगतां एकत्र जमूं लागले. दारें लावून प्रार्थना होई, मूर्तिपूजा व जातिभेद यांच्याविरुद्ध चर्चा होई आणि निरनिराळ्या जातींचीं माणसें एका पंक्तीस बसत. नव्या सभासदानें जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावयाची, ख्रिस्त्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावयाचें, असा प्रवेशाचा विधि होता. हीच परमहंससभा.

आज पाव घरोघरीं खाल्ला जातो. त्या तुकड्याचें एवढें भय कां, असें कोणासही वाटेल. परंतु १८४३ सालीं नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कांहीं काळ मिशनच्या घरीं राहिला, एवढ्यावरून त्या अल्पवयी मुलास जातींत परत घ्यावें कीं नाहीं याबद्दल मुंबईंत मोठा कलह माजला. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानानें पुढाकार घेऊन त्यास प्रायश्चित्त देवविलें, तर खुद्द शास्त्रीबोवांवरच सनातन्यांचा रोष ओढवला. हें सर्व ह्या तरुणांनीं पाहिलें होतें. बहिष्कार पडला म्हणजे भटजी दारीं येत नसे, मुलींचीं लग्नें अडत, आणि घरांत कोणी वारलें तर खांदेकरी मिळणें मुष्किलीचें होई. पाव खाणारा एकटा. शिक्षा मात्र साऱ्या घराला.

सभेमागील मुख्य प्रेरणा दादोबा पांडुरंग यांची. मराठीचें व्याकरण रचणारे म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. सुरतेस शिक्षक असतां १८४४ मध्यें दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह त्यांनीं मानवधर्मसभा चालविली होती. मुंबईच्या सभेचें अध्यक्षपद राम बाळकृष्ण जयकर यांच्याकडे होतें. दादोबांचे बंधु आत्माराम पांडुरंग, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पुढें १८५४ सालीं ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी हेही सभेंत होते. बाबांनीं आपल्या आत्मचरित्रांत तिची हकीकत दिली आहे; सभेच्या आंतील गोष्टी आज कळतात त्या अशाच लेखनांवरून.

सभासदांची संख्या पुरेशी वाढली म्हणजे जातिभेदाविरुद्ध उघड उभें राहावयाचें, तोंवर गुप्त राहावयाचें, असा बेत होता. एकास वाळींत टाकतां येतें, शेंकडोंस टाकतां येत नाहीं, हा हिशेब कांहीं चुकीचा नव्हता. पण संख्या मोजावयाची म्हणजे नांवें लिहावीं लागणार. आणि नांवें लिहिलीं कीं तो कागद कोठें तरी ठेवावा लागणार! त्याच काळीं, १८४८ पासून, गोपाळ हरि देशमुख ‘प्रभाकर’ पत्रांत ‘लोकहितवादी’ ह्या नांवानें ब्राह्मणांच्या दोषांवर कठोर पत्रें लिहीत होते. तेथें एका माणसाचें गुपित सांभाळावयाचें होतें. येथें प्रत्येक सभासदाचें गुपित इतर सर्वांच्या स्वाधीन होतें.

१८६० सालीं सभेचे कागद कोणी तरी चोरले आणि त्यांबरोबर सभासदांची यादी बाहेर गेली. सभेच्या मतांचें खंडन करण्याचे कष्टही विरोधकांस पडले नाहींत, नांवें पुरलीं. सभासद घाबरले आणि सभा मोडली.

ह्या मंडळींस भेकड म्हणणें सोपें आहे, आणि तसें म्हणणारे पुष्कळ झाले. खरी उणीव निराळी होती. सुमारें अकरा वर्षें दाराआड पंक्ति बसल्या, पण दाराबाहेरच्या कोणासही त्यांचा उपयोग झाला नाहीं. जो अस्पृश्य म्हणून दूर ठेवला जात होता, त्याला आपल्या बाजूनें कोणी आहे हें कळण्याचा मार्गच नव्हता. तरीही गुप्ततेवांचून पहिली बैठकसुद्धां भरली नसती, हेंही तितकेंच खरें.

३१ मार्च १८६७ रोजीं मुंबईंत प्रार्थनासमाज स्थापन झाला. आत्माराम पांडुरंग त्याचे पुढारी होते, आणि परमहंससभेंतील आणखीही कांहीं जुनीं माणसें त्यांत आलीं. ह्या वेळीं सारें उघड होतें. सभासदांचीं नांवें लपविण्याचें कारण उरलें नव्हतें. मात्र समाजांत येणारानें जात सोडलीच पाहिजे अशी अट नव्हती, आणि पावाचा तो तुकडाही कोणापुढें ठेवला जात नव्हता.