चाक थांबतं तिथून पुढे

ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यात मुलाला बसवायची कापडी खोळ, खांद्यावर दोन पट्टे आणि कमरेभोवती एक जाड पट्टा. लहान मुलाला पाठीवर घेऊन डोंगर चढण्याचं हे साधन आता सिंहगडाच्या वाटेवरही दिसू लागलं आहे. बघणाऱ्यांना ते नव्या पिढीचं, परदेशातून आलेलं आणि हौसेपोटी घेतलेलं वाटतं. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हा शेराही ठरलेला असतो. या समजुतीत दोन चुका आहेत. मूल पाठीवर घेऊन डोंगर ओलांडणं ही माणसाची फार जुनी रीत आहे, आणि ती सुरुवातीपासून कष्टकऱ्यांची आहे, हौशी लोकांची नाही. पश्चिमेतल्या सुखवस्तू घरांनी ती मधल्या काळात सोडून दिली, ती चाकामुळे. ती तिथे परत आली, तीही बऱ्याच अंशी चाक जिथे चालत नाही अशा डोंगरवाटेमुळे. या साधनाचा इतिहास असा विसरण्याचा आणि पुन्हा शिकण्याचा आहे. शोध म्हणावा असा भाग त्यात थोडा आहे, पण तो महत्त्वाचा आहे आणि त्याकडे पुढे येऊच.

आधी चाकाबद्दल. 1733 च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुकाराने इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी एक छोटी गाडी तयार केली. ती शिंपल्याच्या आकाराची होती आणि लहान जनावराला जुंपून ओढायची होती. शंभरेक वर्षांत ही राजवाड्यातली वस्तू ढकलगाडी होऊन मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. राणी व्हिक्टोरियाने तशा गाड्या घेतल्यावर तिला प्रतिष्ठाही मिळाली. बाळ गाडीत आणि गाडी दाईच्या हातात, हे चांगल्या घराचं लक्षण ठरलं. मूल अंगाला बांधून फिरणं मोलकरणीचं, भटक्यांचं, वसाहतीतल्या ‘मागास’ बायकांचं मानलं जाऊ लागलं. विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लारेन यांनी 1965 मध्ये छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी तयार केली, तेव्हा त्या विचाराला हलकं आणि स्वस्त रूप मिळालं. पण राजवाड्याच्या बागेपासून ते विमानतळापर्यंत या साऱ्या गाड्यांची एक अट होती, ती म्हणजे पायाखालची जमीन सपाट हवी.

जिथे ती अट पुरी होत नाही तिथे मूल पाठीवरच राहिलं. नेपाळमध्ये कपाळावरून घेतलेल्या नाम्लोच्या पट्ट्याने डोको, म्हणजे वेताबांबूची टोपली, पाठीवर तोलतात. त्या टोपलीत धान्य जातं, लाकूड जातं आणि मूलही जातं. अँडीजमध्ये विणलेल्या जाड कापडात मूल पाठीशी बांधून बायका शेतावर आणि बाजाराला जातात. आर्क्टिकमधल्या इन्युइट स्त्रियांच्या आमाउती या कोटाला मागे बाळासाठी खोळच शिवलेली असते. आपल्याकडे पठारावर मूल कडेवर असतं आणि कामाच्या जागी झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. पण घाटातून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या आदिवासी बाईला कड परवडत नाही. तिला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून पोर पाठीशी बांधावं लागतं. धनगरांचा वाडा कोकणात उतरतो तेव्हा घोड्यांवर बोचक्यांच्या जोडीला लहान मुलंही बसवलेली असतात. हिरकणीची गोष्ट आख्यायिका आहे, पुरावा म्हणून ती मांडता येणार नाही. तरी दुधाचं ओझं घेऊन गड चढणाऱ्या बाईला तान्हं मूल घरी ठेवावं लागतं, हा तिच्यातला पेच खरा आहे. एका अंगावर दोन ओझी चढत नाहीत.

कागदोपत्री नोंद असलेलं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम 7 एप्रिल 1805 रोजी मँडन लोकांच्या वस्त्यांजवळून पश्चिमेकडे निघाली, तेव्हा दुभाषी म्हणून मोहिमेबरोबर निघालेल्या शोशोनी जमातीच्या साकागावियाचा मुलगा दोन महिन्यांचाही झाला नव्हता. तो 11 फेब्रुवारीला जन्मला होता. रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिकपर्यंत आणि तिथून परत, असा हा प्रवास ऑगस्ट 1806 पर्यंत चालला, आणि ते मूल सबंध वाटेवर आईबरोबर होतं. जून 1805 मध्ये मिसूरीच्या धबधब्यांजवळ अचानक आलेल्या पुरात त्या बाळाचे कपडे वाहून गेल्याचं क्लार्कने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. मोहिमेनंतर तिच्या नवऱ्याला, मोहिमेतल्याच तूसाँ शार्बोनोला, पाचशे डॉलरहून थोडी जास्त रक्कम आणि 320 एकर जमीन मिळाली. तिला काहीच मिळालं नाही. 2000 साली निघालेल्या डॉलरच्या नाण्यावर ती पाठीवरच्या बाळासह कोरली गेली, पण या मानाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. मूल वाहण्याच्या कष्टाचा हिशोब इतिहासात कसा ठेवला जातो, ते यावरून कळतं.

मग ही रीत पश्चिमेच्या दुकानांत परत आली कशी? तिचे दोन धागे अमेरिकेतल्या कोलोरॅडो या डोंगराळ राज्यात येऊन मिळतात, आणि मला हा योगायोग वाटत नाही. पहिला धागा गिर्यारोहणाचा. दुसऱ्या महायुद्धात पर्वतीय तुकडीत असलेल्या गेरी कनिंगहॅम यांनी युद्धानंतर कोलोरॅडोत पाठपिशव्या आणि तंबू बनवायला सुरुवात केली. त्यांच्या गेरी कंपनीची ‘किडी कॅरियर’, म्हणजे धातूच्या हलक्या चौकटीवर मुलाला बसवायची खोळ, 1960 च्या दशकात डोंगरात जाणाऱ्या कुटुंबांमध्ये रुळली. दुसरा धागा आफ्रिकेचा. ॲन मूर या परिचारिका पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतून टोगोला गेल्या होत्या. तिथल्या आया मुलांना कापडाने पाठीशी बांधून दिवसभर काम करतात आणि मुलं शांत असतात, हे त्यांनी पाहिलं. परत आल्यावर स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी तेच करून पाहिलं, पण त्या गाठी त्यांना साधेनात. मग त्यांची आई ल्युसी ऑकरमन यांनी कापडाला खांद्याचे पट्टे शिवून दिले. त्यातून ‘स्नगली’ जन्मली. तिचं पेटंट 1969 मध्ये मिळालं आणि 1985 मध्ये ती गेरी कंपनीतूनच पुढे निघालेल्या गेरिकोने विकत घेतली. टोगोच्या बाजारातलं कापड आणि रॉकी पर्वतातली चौकट अशी एका छपराखाली आली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. टोगोच्या किंवा सह्याद्रीच्या बाईने मूल पाठीवर घेतलं ते नाइलाजाने. तिच्या नाइलाजाला ‘प्राचीन शहाणपण’ म्हणणं म्हणजे तिच्या कष्टांवर रंग चढवणं नव्हे का? तसं होऊ शकतं, आणि पुष्कळदा होतंही. पण नाइलाजाने केलेल्या कामातही कसब असतं, आणि ते मोजता येतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानववंशशास्त्रीय अभ्यासात, झोळीत मूल घेऊन चालण्यापेक्षा हातांवर घेऊन चालायला सरासरी 16 टक्के जास्त ऊर्जा लागते असं आढळलं. ज्या आईने पहिल्यांदा मूल कातड्यात किंवा कापडात बांधलं, तिने हा फरक रोज अंगावर अनुभवला असणार. शिवाय जुनं ते सगळं चांगलं, असंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या नावाहो लोकांमध्ये बाळाला फळीच्या पाळण्यात पाय सरळ ठेवून आवळून बांधत. त्या मुलांमध्ये खुब्याचा सांधा निखळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. उलट आफ्रिकी आईच्या पाठीवर किंवा आपल्याकडे कडेवर मूल मांड्या फाकून, गुडघे वर घेऊन बसतं आणि सांध्याला ती बैठक मानवते. आज चांगल्या कॅरियरची बैठक तशीच ठेवतात. परंपरेकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे पारखून ठरवावं लागतं, आणि या साधनाच्या बाबतीत ती पारख झाली आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. कापड हजारो वर्षं पुरलं, मग एवढी महाग चौकट कशाला? इथे नव्याला त्याचं श्रेय दिलं पाहिजे. कापडाने बांधलेल्या मुलाचं वजन खांद्यांवर आणि पाठीवर येतं. तान्ह्यासाठी ते ठीक आहे, पण दोन वर्षांचं, बारा किलोचं मूल घेऊन चार तासांचा चढ चढताना खांदे भरून येतात. 1952 मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या आणि कमरपट्ट्याच्या पाठपिशव्या विकायला सुरुवात केली, आणि ओझ्याचा मोठा भाग खांद्यांवरून खुब्याच्या हाडावर आला. 1963 ची अमेरिकन एव्हरेस्ट मोहीम याच पिशव्या घेऊन गेली. चौकटीच्या कॅरियरला तोच कमरपट्टा लागला आणि कापडाला जे जमलं नव्हतं ते जमलं. अर्थात त्यात एक तोटाही आहे. मूल आईच्या अंगापासून सुटतं, तिची ऊब त्याला मिळत नाही. चढणारा घामाघूम असताना मागे लटकलेले चिमुकले पाय गार पडलेले असू शकतात. मान सावरून आपलं आपण बसता येण्याआधी, साधारण सहा महिन्यांच्या आत, या चौकटीत मूल बसवू नये. तोवर कापडच बरं.

या चौकटीने आणखी एक गोष्ट बदलली, आणि मला ती कमरपट्ट्याहून मोठी वाटते. डोंगरात दुसऱ्याचं मूल वाहणारे पुरुष पूर्वीही होते. केदारनाथच्या वाटेवर कंडीत आणि वैष्णोदेवीच्या वाटेवर पिठ्ठूच्या पाठीवर मराठी यात्रेकरूंची मुलं आजही वर जातात. पण ते पुरुष मजुरीसाठी वाहत होते. स्वतःचं मूल विनामोल वाहायचं ते आईने, आणि मोल देऊन वाहून घ्यायचं ते गरिबाकडून, अशी ही विभागणी होती. चौकटीचे पट्टे कमीजास्त करता येतात आणि ती कोणाच्याही पाठीवर बसते. ती गिर्यारोहणाच्या दुकानात, पाठपिशव्यांच्या शेजारी टांगलेली असते, म्हणून ती घेताना पुरुषाला संकोच वाटत नाही. आज सह्याद्रीच्या वाटांवर ही चौकट वागवणारे बरेचदा वडील असतात, आणि त्यांच्या पुढे किंवा मागे मोकळ्या हातांनी चालणारी आई असते.