पैसाचा खांब

प्रवरेकाठच्या नेवाशात एक दगडी खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचे निरूपण केले, सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतले आणि शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी झाली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून तो ‘पैसाचा खांब’. पैस म्हणजे ‘ऐसपैस’मधला पैस: विस्तार, मोकळीक. पैशाशी त्याचे नाते नाही, हे नवख्याला सांगावेच लागते.

पण गंमत पुढेच आहे. खांबावर जो लेख कोरला आहे, तो ज्ञानेश्वरांविषयी चकार शब्द काढत नाही. तो निखळ दानलेख आहे! करवीरेश्वराच्या देवळातला दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद. पुढे देऊळ गेले, दिवा गेला, आणि मागे राहिलेला खांब वारकऱ्यांचा झाला. कितीतरी काळ तो उघड्यावरच उभा होता. त्याच्याभोवतीचे आजचे मंदिर विसाव्या शतकातले. दुर्गा भागवतांनी त्याच्यावर लेख लिहिला आणि 1970 साली आलेल्या संग्रहालाच ‘पैस’ नाव दिले. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका खांबाच्या वाट्याला आणखी काय यायचे?

गावाचे कूळ मात्र खांबाहून फार जुने. जुने नाव निधिवास. ग्रामदैवत मोहिनीराज, म्हणजे अमृत वाटायला मोहिनी झालेला विष्णू. त्याचे देखणे देऊळ होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी पेशवाईत बांधले. आणि 1954 पासून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी इथले लाडमोड टेकाड खणले, तेव्हा तर थरांखाली थर निघाले: सातवाहनकाळ, रोमन मद्यकुंभांची खापरे, त्याखाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती. नदीच्या गाळात अश्मयुगाची हत्यारे मिळाली, ती पुराश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातली. त्या प्रकारच्या हत्यारांना पुरातत्त्वज्ञ नेवाशाच्याच नावाने ओळखू लागले. संगमनेरकडचे जोर्वेही प्रवरेकाठचेच; त्याचे नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळाले. एवढ्याशा नदीने पुरातत्त्वाला दोन नावे द्यावीत, हे मला खांबाइतकेच नवलाचे वाटते.

शनिशिंगणापूर याच तालुक्यात आहे. तिकडे आलात तर वाट थोडी वाकडी करा. खांबावर डोके टेकवून झाले की त्यावरची अक्षरेही बघा. तेलाचा हिशेब अजून तिथेच आहे.