सुट्टी नेमकी कुणाची?

युरोपात कुटुंबासह सुट्टी घालवण्यासाठी हॉलिडे पार्क निवडताना पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ, भाडे ह्यांची तुलना केली जाते. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो : ह्या सुट्टीत स्वयंपाक कोण करणार? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ह्या उद्यानांचा इतिहास पाहिला की तो तसा राहत नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमधील कामगार कुटुंबे समुद्रकाठी भाड्याच्या खोल्यांत उतरत. दिवसा पाहुण्यांनी बाहेर राहावे, असा अनेक घरमालकिणींचा दंडक असे. पाऊस आला तरी मुलाबाळांसह आडोसा शोधत हिंडावे लागे. वेल्समधील बॅरी बेटावर असे दृश्य पाहून आपल्याला कॅम्पची कल्पना सुचली, असे बिली बटलिन सांगत. १९३६ साली त्यांनी स्केगनेस येथे आपला पहिला कॅम्प उघडला. छोटी निवासघरे, तीन वेळचे जेवण आणि करमणूक, सारे एकाच शुल्कात. आईवडील रात्री नाचघरात असताना कर्मचारी घरांवरून फेऱ्या मारीत आणि मूल रडत असल्यास कळवीत. ह्या सामुदायिक शिस्तीची पुढे पुष्कळ थट्टा झाली. पण भोजनगृहात ताटावर आयती बसलेली गृहिणी त्या थट्टेत सामील झाली असती का, ह्याची आम्हांस शंका आहे.

त्याच १९३६ साली फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम ह्यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा १९३८ साली झाला. विश्रांती हा हक्क ठरला, तो पगाराच्या आधाराने. जिला पगारच नाही, तिची पगारी रजा कोणती? कायद्यापाशी ह्याचे उत्तर नव्हते. कॅम्पच्या भोजनगृहापाशी, आठवडाभरापुरते का होईना, होते.

युद्धोत्तर समृद्धीत अभिरुची पालटली. क्रीडासाहित्याचे डच व्यापारी पीट डेर्कसेन ह्यांनी १९६८ साली लिम्बुर्ग प्रांतातील रानात पहिले उद्यान उभारले; त्यातूनच पुढे ‘सेंटर पार्क्स’ ही संस्था वाढली. बंगल्यांची रचना याप बाकेमा ह्यांची. युद्धात बेचिराख झालेल्या रॉटरडॅममध्ये लाइनबान हा पादचाऱ्यांचा बाजारपथ रचणाऱ्या वास्तुविशारदांपैकी ते एक. १९८० साली डे एमहोफ येथे पोहण्याचा तलाव छताखाली आला आणि पावसावर कायमचा तोडगा निघाला. १९८७ साली ही कल्पना इंग्लंडमधील शेरवुडच्या रानात पोहोचली.

ह्या बंगल्यांनी कुटुंबाला खाजगीपणा दिला : झाडी, शांतता, स्वतःचे दार. त्या दारामागे स्वतःचे स्वयंपाकघरही होते. उद्यानात उपाहारगृहे असतात, हे खरे. पण त्यांचे बिल वेगळे. खर्च आवरू पाहणाऱ्या कुटुंबात सामुदायिक भोजनगृहाने उतरवलेले ओझे पुन्हा घरातल्याच कुणाच्या तरी खांद्यावर येते, आणि ते ‘कुणीतरी’ कोण, हे सांगावयास नको.

कॅम्पचे दिवस परत यावेत, असे आम्ही म्हणत नाही. गर्दी आणि ध्वनिक्षेपक कुणाला हवेत? मात्र निवड करताना तलावाच्या तपमानाबरोबर कामांची वाटणीही आधीच ठरवावी. कोणत्या दिवशी कुणी रांधायचे, कुणी भांडी घासायची आणि कोणत्या दिवशी बाहेर जेवायचे, हे घरून निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. नाहीतर चार माणसांचे भाडे भरून सुट्टी तिघांचीच होईल.