पेटी उघडण्याआधी

जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला की तो तपासण्याचा एक क्रम असतो. आधी तेल पाहायचं. मग बाहेरच्या नळ्या आणि केबल. मग तेलाचा दाब, मग रस्त्यावर एक फेरी. गिअरबॉक्सची पेटी खाली उतरवायची ती सगळ्यात शेवटी, आणि तीही खरोखर गरज पडली तर. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी माझी उमेदीची वर्षं ट्रान्समिशन दुरुस्तीत गेली, आणि हाच क्रम मी शिकाऊ पोरांना शिकवत आलो. त्यातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या दशकाने घालून दिली आहे. जुनी पिकअप लिफ्टवर चढवून हा क्रम पाळणं म्हणजे या धंद्याचा इतिहास पहिल्यापासून वाचणं. ज्याला तो इतिहास ठाऊक असतो तो पायरी गाळत नाही.

माझा हात बसला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जीपच्या गिअरबॉक्सवर. तिथली रीत सरळ होती: खोला आणि बघा. दात तुटला असेल तर तुटलेला दिसतो, बेअरिंग खाल्लं असेल तर हाताला लागतं. ऑटोमॅटिकमध्ये ही रीत चालत नाही, कारण इथे गिअर बदलण्याचं काम तेलाचा दाब करतो. इंजिन बंद केलं की तो दाब नाहीसा होतो. पेटी खोलल्यावर जळलेल्या क्लचप्लेटा हाती येतात, पण त्या का जळल्या हे सांगणारा पुरावा तोवर निघून गेलेला असतो. नव्या प्लेटा बसवल्या की गाडी चालू लागते आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा जळते. म्हणून या धंद्यात निदान हे दुरुस्तीपेक्षा मोठं काम आहे, आणि ते पेटी बंद असतानाच करावं लागतं.

ही पेटी पहिल्यांदा मोठ्या संख्येने रस्त्यावर आली ती जनरल मोटर्सच्या हायड्रा-मॅटिक या नावाने, १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये. तिच्यामागे होता अर्ल थॉम्प्सन हा इंजिनिअर, हाताने बदलायच्या गिअरसाठी सिंक्रोमेशचं काम करणाराही हाच. पुढे जाण्याचे चार गिअर होते आणि क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारी फ्लुइड कपलिंग. युद्धात एम५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि दोन हायड्रा-मॅटिक बसवले गेले. रणगाड्यात टिकलेली वस्तू आपल्या गाडीत टिकणारच, असा भरवसा युद्धानंतर गिऱ्हाइकाला वाटू लागला. गॅरेजवाल्यांपुढे मात्र आत न पाहता रोग ओळखायचा प्रश्न उभा राहिला.

इप्सिलँटी या कथेत आलं ते एका आगीमुळे. १२ ऑगस्ट १९५३ रोजी जवळच्या लिव्होनिया गावातला हायड्रा-मॅटिकचा कारखाना जळाला. टॉर्चच्या ठिणगीने पेट घेतला आणि एवढा मोठा कारखाना एका दिवसात संपला. त्यात माणसंही गेली. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलला त्या काळात ब्युइकचा डायनाफ्लो गिअरबॉक्स लावून गाड्या विकाव्या लागल्या. जनरल मोटर्सने मग इप्सिलँटीजवळचा विलो रन कारखाना घेतला आणि तीन महिन्यांच्या आत तिथून हायड्रा-मॅटिक बाहेर पडू लागले. हा तोच कारखाना, जिथे युद्धात फोर्डने बी-२४ जातीची ८,६८५ बॉम्बर विमानं बांधली. युद्धानंतर तिथे कैसर कंपनीच्या मोटारी होत होत्या. त्याच १९५३ साली कैसरने विलिस कंपनी विकत घेतली आणि आपला कारभार ओहायोतल्या टोलेडोला हलवला. मुंबईत महिंद्रा जिच्या परवान्यावर जीप बनवत होती ती ही विलिस. ज्या जीपवर मी कोल्हापुरात शिकलो तिचं घराणं आणि ज्या पेटीवर पुढे पोट भरलं तिचं घर, या दोघांची गाठ या एकाच वर्षात पडते. हे समजलं तेव्हा परक्या गावात आपली मुळं सापडल्यासारखा आनंद झाला.

बॉम्बर कारखान्यात कामाला केंटकी आणि आसपासच्या डोंगराळ भागातून हजारो कुटुंबं आली आणि इप्सिलँटीतच राहिली. माझे उस्ताद अशाच एका घरातले. ते आधी विलो रनमध्ये पेट्या जुळवत, मग बाहेर पडून दुरुस्तीत आले. पेटी जुळवणाऱ्याला कुठला क्लच कुठल्या गिअरला काम करतो हे तोंडपाठ असतं. हे ज्ञान कारखान्यातून गावातल्या गॅरेजांत असं माणसांच्या पायांनी आलं. १९५४ साली ट्रान्समिशन दुरुस्तीवाल्यांनी स्वतःची संघटना उभी केली, एकमेकांचे अनुभव छापून वाटायला सुरुवात केली. कंपन्यांच्या पुस्तकात पेटी कशी जुळवायची ते असे. ती का बिघडते हे दुरुस्तीवाल्यांनी एकमेकांना सांगितलं.

पिकअपमध्ये ऑटोमॅटिक आला तोही याच सुमारास. फोर्डच्या १९५३च्या एफ-१००ला फोर्ड-ओ-मॅटिक मिळू लागला, शेव्हरोलेच्या पिकअपना १९५४पासून हायड्रा-मॅटिक. पिकअप ओझं वाहते, बोट किंवा घोडे नेण्याची गाडी मागे ओढते, आणि आमच्या मिशिगनात हिवाळ्यात पुढे फावडं लावून बर्फ सारते. बर्फ सारताना पुढे-मागे, पुढे-मागे असं तासन्‌तास चालतं. त्यात रिव्हर्सचे क्लच आधी जातात आणि तेल तापतं. उष्णता हा या पेटीचा खरा शत्रू आहे.

म्हणून पहिली पायरी तेलाची. ऑटोमॅटिकचं तेल लाल रंगवलेलं असतं, गळती कुठली ते इंजिनच्या तेलापासून वेगळं ओळखता यावं म्हणून. ते तपकिरी होऊन करपट वास मारू लागलं तर क्लच जळताहेत. गुलाबी, दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी तेलात शिरलं आहे. तेल मोजायचं ते गाडी गरम आणि इंजिन चालू असताना. तिथेही घराण्याघराण्याची रीत वेगळी: जनरल मोटर्सच्या गाड्यांत लिव्हर पार्कमध्ये, पण डॉजच्या पिकअपमधल्या टॉर्कफ्लाइट या पेटीला न्यूट्रलमध्ये, कारण इंजिनचा जोर तेलातून पेटीला देणाऱ्या तिच्या टॉर्क कन्व्हर्टरकडे पार्कमध्ये तेल फिरत नाही. हे न कळल्याने चांगल्या पेट्यांत उगाच जास्त तेल ओतलं जातं, त्याला फेस येतो आणि फेसाने दाब पडतो.

या तेलाची एक बाजू दुःखाची आहे. सुरुवातीच्या दशकांत त्यात स्पर्म व्हेलचं तेल मिसळलेलं असे. क्लच झटका न देता पकडावा म्हणून. एवढा प्रचंड जीव आपल्या गिअरच्या मऊपणासाठी मारला जात होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने हा व्यापार बंद केला, आणि ते योग्यच झालं. पण पर्याय शोधताना आलेल्या एका नव्या तेलाने कूलरच्या झाळकामाला गंज चढवला. तेलाचा रंग आणि वास आधी पाहायचा, हा नियम त्या वर्षांनी आणखी पक्का केला.

दुसरी पायरी बाहेरच्या नळ्यांची. १९६४ साली जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आला, १९६९ साली त्याचा धाकटा भाऊ ३५०. दोघांच्या अंगावर व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची पत्र्याची डबी असते. इंजिनवर किती भार आहे हे ती आतल्या पडद्यावरच्या ओढीने पेटीला सांगते. तो पडदा फाटला की गंमत पाहण्यासारखी असते: तेल कमी होतं, पण जमिनीवर एक थेंब दिसत नाही. इंजिन ते नळीतून शोषून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. मालक म्हणतो इंजिन गेलं, शेजारी म्हणतो गिअरबॉक्स गेला. नळी काढून बोट आत घातलं आणि त्याला लाल तेल लागलं, तर डबी बदलण्याच्या छोट्या कामात गाडी बरी होते.

तिसरी पायरी दाबाची. पेटीला प्लग असतो, तिथे गेज लावायचं आणि आकडा पुस्तकाशी ताडून पाहायचा. दाब सगळ्याच गिअरमध्ये कमी असेल तर पंप, चाळणी किंवा तेल. एकाच गिअरमध्ये कमी असेल तर त्या वाटेवरचं एखादं सील गळतं आहे.

चौथी पायरी रस्त्यावरची. इथे मेकॅनिकची बुद्धी लागते, आणि या पायरीचं श्रेय हॉवर्ड सिम्पसन या इंजिनिअरच्या गिअर रचनेला बरंचसं जातं. मधल्या सन गिअरभोवती छोटे गिअर फिरणारे दोन प्लॅनेटरी संच आणि दोघांना एकच सन गिअर, या त्याच्या रचनेवर क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट १९५६ साली आला, पुढे फोर्डनेही ती घेतली. थोड्या क्लचांवर आणि पट्ट्यांवर सगळे गिअर होत असल्याने एकच भाग दोन ठिकाणी काम करतो, आणि त्यातच उत्तर लपलेलं असतं. टॉर्कफ्लाइटमध्ये पुढचा क्लच तिसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सला लागतो. दोन्ही एकदम गेले तर दोषी तोच. ड्राइव्हमध्ये पहिला गिअर घसरतो, पण लिव्हर हाताने पहिल्यावर ठेवली की पकडतो, तर एकाच दिशेला अडवणारा ओव्हररनिंग क्लच गेला. उस्ताद फेरी मारून आले की कागदावर दोन आडव्या ओळी काढत: काय चालतं, काय चालत नाही. चालणाऱ्यांच्या ओळीतले सगळे भाग ते निर्दोष ठरवून खोडत. जो उरे त्याच्याकडे बोट.

१९८२ साली जनरल मोटर्सचा ७००आर४ आला. चार गिअर, महामार्गावर इंधनाची बचत, आणि व्हॅक्यूमच्या डबीऐवजी कार्ब्युरेटरपासून आलेली थ्रॉटल केबल. ही केबल आतला दाब ठरवते. ती ढिली असेल तर गिअर लवकर आणि मऊ पडतात, चालवणाऱ्याला बरं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्याचा क्लच कमी दाबावर घसरत जळतो. एका शेतकऱ्याची शेव्हरोले आमच्याकडे आली होती. दुसरीकडे त्याला पूर्ण पेटी नवीन करायला सांगितलं होतं. तेल अजून लाल होतं, चौकशी केली तर नुकताच कार्ब्युरेटर बदललेला. केबल नीट बसवली, गेजवर दाब आला, फेरीत गिअर कडक पडले. तो माणूस पैसे देताना दोनदा विचारत होता, एवढंच का? त्याच्या डोळ्यांतली सुटका पाहून मला या कामाचा जो अभिमान वाटला तो आजही आहे.

कारण या धंद्यावर डागही आहेत. काही गॅरेजांची रीतच अशी: पेटी उतरवून, खोलून, भाग टेबलावर मांडायचे आणि मग रक्कम सांगायची. गिऱ्हाईक अडकतं, त्याची गाडी चालवून नेण्याच्या अवस्थेत नसते. मिशिगनने १९७४ साली दुरुस्तीचा कायदा केला. त्यानुसार मेकॅनिकला राज्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचा वर्ग वेगळा आहे, आणि खर्चाचा अंदाज गिऱ्हाइकाला लेखी द्यावा लागतो. तो अंदाज प्रामाणिक असायचा तर निदान आधीच झालेलं असावं लागतं. हा कायदा आमच्यावरचं ओझं नाही. चांगल्या मेकॅनिकचा तो आधार आहे.

१९९०च्या दशकात त्याच ७००आर४च्या वंशात ४एल६०ई आला आणि केबलची जागा संगणकाने घेतली. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना एकाच पद्धतीचं तपासणीचं सॉकेट आलं. स्कॅनर लावला की कोड मिळतो, आणि तरुण मुलांना वाटतं निदान झालं. ४एल६०ई पी१८७० असा कोड देतो. त्याचा अर्थ आत काहीतरी घसरतं आहे एवढाच. अनेकदा त्यामागे कन्व्हर्टरच्या वाल्वची झिजलेली वाट असते. ते ठरवायला पुन्हा तेल, दाब आणि फेरीच लागते.

विलो रनमधून शेवटची पेटी २०१० साली बाहेर पडली. आजच्या बऱ्याच नव्या गाड्यांत तेल पाहायची सळईदेखील नसते. पेटी पूर्ण बंद. पण शेतावरच्या, बर्फ सारणाऱ्या, बापाकडून पोराकडे आलेल्या पिकअप अजून चालू आहेत आणि त्या दुरुस्त करण्याजोग्या आहेत. शिकाऊ पोराच्या हातात पाना देण्याआधी मी त्याला क्लचचा तक्ता पाठ करायला लावतो आणि मग वर्षानुक्रमे सांगतो की कुठली पायरी कुठल्या बिघाडाने शिकवली. जो हे शिकतो तो गरिबाची गाडी विनाकारण खोलत नाही. हे ज्ञान कारखाना बंद झाल्याने संपणार नाही. ते संपेल ते आपण शिकवायचं थांबलो तर. म्हणून मी शिकवत राहणार आहे.